कुंपण डावीकडे जरा उंच

"केस काय आणि पान काय, मला दोन्ही सारखंच," सलूनवाल्यांनी लेकीला सांगून टाकलं. "दोन्ही वाढतं, दोन्ही गळतं. जन्मभर लोकांची डोकी सांभाळली मी. एका कुंपणाचं काय घेऊन बसलीस?"

लेक मागच्या अंगणात कमरेवर हात ठेवून कुंपणाकडे बघत होती. कुंपण कसलं, कोणीतरी जुने खराटे उलटे पुरून ठेवलेत असं वाटत होतं. मधूनच एखादं पान होतं, तेही चुकून राहिल्यासारखं.

कुंपण सलूनवाल्यांच्या बायकोचं. घर दोघांचं, दुकान सलूनवाल्यांचं आणि कुंपण तिचं, अशी वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप होऊन गेली होती. दुकानात बोथट झालेली कात्री घरी यायची आणि कुंपणावर चालायची. संध्याकाळी ती मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची, मधेच उठून दोन फांद्या छाटायची, पलीकडच्या वहिनींशी चार शब्द बोलायची आणि परत बसायची. तिला जाऊन आता आठ महिने झाले होते. खुर्ची तिथेच होती, कात्री खिळ्याला होती. कुंपण मात्र हळूहळू तिच्या वाटेने निघालं होतं.

"बाबा, सरळच बोलते," लेक म्हणाली. "मागे तुम्ही न्हाणीघरात घसरलात. मला कधी कळलं? तुम्ही फोन करून पाठीला कुठला मलम चांगला असं विचारलंत तेव्हा. तोवर चार दिवस तुम्ही तिरके चालत होतात आणि कोणालाही पत्ता नव्हता."

"तिरका नव्हतो. जरा कललेला होतो."

"तेच ते. एकटं राहायचं म्हणता ना? मग आधी हे कुंपण जगवून दाखवा. मी दोन महिन्यांनी येते. हिरवं दिसलं तर तुम्ही इथे. नाही तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे."

"आणि थोडंसंच हिरवं असलं तर?"

"बाबा."

लेकीचं घर सहाव्या मजल्यावर होतं. सलूनवाले एकदा आठवडाभर राहून आले होते. तिथे सगळं होतं, फक्त करण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या दिवसापासून ते लिफ्टने उगाच वरखाली करायला लागले आणि सहाव्या दिवशी वॉचमन त्यांना लिफ्टमन समजून मजले सांगायला लागला. शिवाय त्या घराला मागचं दार नव्हतं. मागचं दार नाही म्हटल्यावर ती खुर्ची ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. तो त्यांनी लेकीला विचारला नाही.

"दोन महिने कशाला?" ते म्हणाले. "महिन्यात ये. कंगवा फिरवावा लागेल असं करून दाखवतो."

लेक गेली. सलूनवाल्यांनी चष्मा लावला, खुर्ची कुंपणासमोर ओढली आणि गिऱ्हाइकाचं डोकं बघतात तसं कुंपण बघायला सुरुवात केली.

आता कुंपण म्हटलं की त्याला दोन बाजू आल्या. सलूनवाल्यांची अडचण दुसऱ्या बाजूची होती. तिकडे निवृत्त पोस्टमास्तर राहायचे आणि दोघांत बोलणं नव्हतं. कारण मिशी.

झालं होतं असं. पोस्टमास्तरांचा निरोप समारंभ होता. सकाळीच ते दुकानात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फक्त टोकं सारखी करा." मिशी भरघोस, पोस्टाच्या खात्यात नाव असलेली. सलूनवाल्यांनी डावं टोक सारखं केलं. मग उजवं जरा जास्त वाटलं. उजवं कमी केलं, तर डावं जास्त. असं करत करत अर्ध्या तासात नाकाखाली एक भुवई उरली. ती शोभेना म्हणून पोस्टमास्तरांनी स्वतःच डोळे मिटून सांगितलं, "काढा." समारंभाला मोठे साहेब बाहेरून आले होते. त्यांनी ऐकलं होतं की पोस्टमास्तर म्हणजे मिशीवाले. त्यांनी सरळ पार्सल खिडकीवरच्या कारकुनाला पुष्पगुच्छ दिला, त्याच्या प्रामाणिक सेवेवर वीस मिनिटं भाषण केलं आणि निघून गेले. फोटोत आजही मधोमध तो कारकून हसतो आहे. पोस्टमास्तर कडेला अर्धे आलेत.

"मूळ मिशीच वाकडी होती," सलूनवाले त्यावर म्हणायचे. "मी फक्त ते उघडकीस आणलं."

मिशी पुन्हा वाढली, आधीपेक्षा दाट वाढली. बोलणं काही वाढलं नाही. दोघांच्या बायका मात्र कुंपणावरून रोज बोलायच्या, त्यामुळे अडत नव्हतं. सलूनवाल्यांची बायको गेली त्या दिवशी पोस्टमास्तर आले होते. दिवसभर खुर्च्या इकडून तिकडे नेऊन ठेवत होते. बोलले नाहीत. पण त्या दिवशी सलूनवालेही कोणाशीच बोलले नव्हते, तेव्हा तो दिवस धरता येत नाही.

तर सलूनवाल्यांनी कुंपणाची तपासणी केली. फांद्यांच्या बेचक्यांत काहीतरी पांढरं, भुरभुरीत. नखाने खरवडून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. हे तर ओळखीचं निघालं.

"कोंडा!"

दुकान बंद केलं तेव्हाचे शाम्पूचे डबे माळ्यावर होते. तीन बादल्या पाणी, अर्धा डबा शाम्पू, दाढीचा जाड ब्रश. सलूनवाले एका टोकापासून सुरू झाले. बेचकी न बेचकी घासली. फेस असा चढला की कुंपणाने पांढरी टोपी घातल्यासारखं दिसायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं. फेसाचे गोळे उचलले गेले, पलीकडे गेले आणि दोरीवर वाळत असलेल्या पोस्टमास्तरांच्या शर्टांवर, खुद्द पोस्टमास्तरांच्या वर्तमानपत्रावर आणि थोडे त्यांच्या मिशीवर जाऊन बसले.

"अगं, बाहेर ये," पलीकडून जोरात आवाज आला. "विचार त्यांना, हे काय चाललंय."

वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, हे काय चाललंय?"

"वहिनी, त्यांना सांगा, कोंड्यावर उपचार चाललाय."

"ते म्हणतात, कोंड्यावर..."

"ऐकलं मी. मला ऐकू येतं. सांग त्यांना, मला ऐकू येतं."

"भाऊजी, यांना ऐकू येतं."

"बरं झालं. दुकानात आले की फक्त टोकं सारखी करायची हे त्यांना सांगता येत होतं, ऐकू येत होतं की नाही ते मला माहीत नव्हतं."

यावर पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला. वहिनी दोरीवरचे शर्ट पुन्हा बादलीत टाकायला लागल्या. "निदान साबण तरी वाचला माझा," त्या म्हणाल्या.

कोंडा गेला. अगदी स्वच्छ गेला. पण तिसऱ्या दिवशी उरलेली पानंही गेली. सलूनवाले डगमगले नाहीत. डोकं धुतलं की कोरडं पडतं, कोरडं पडलं की तेल लावायचं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी बाटलीभर तेल घेतलं आणि प्रत्येक खोडाला, दोन बोटांच्या पेरांनी, खालून वर मालिश केली. करता करता गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, त्यामुळे हवापाण्याबद्दल थोडं बोलणंही झालं. कुंपण ऐकून घेत होतं. पुष्कळ गिऱ्हाइकांपेक्षा बरं.

दोन दिवसांत मुंग्या दिसल्या.

थोड्याथोडक्या नव्हेत. कुंपणाच्या बुंध्यापासून निघालेली काळी दोरी पोस्टमास्तरांच्या अंगणातून, पायरीवरून, थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेली होती आणि तिथून फाटे फुटून घरभर पसरली होती. सलूनवाल्यांना वाटलं, तेलाचा प्रताप. तेल नव्हतं ते. खरं कारण सलूनवाल्यांच्या हातात रोज सकाळी असायचं, पण त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

सकाळी चहा ते स्वतः करायचे. भांडं तेच, माप तेच. ओतायला घेतला की दोन कप भरायचे, आणि दुसरा भरल्यावर लक्षात यायचं. दुसऱ्या कपात अडीच चमचे साखर आधीच पडलेली असायची, कारण तिला तेवढी लागायची. तो चहा त्यांना पिववत नव्हता, इतका गोड. मोरीत ओतायला हात होत नव्हता. मग तो कप घेऊन ते मागच्या दारी जायचे आणि खुर्चीशेजारी, कुंपणाच्या मुळाशी ओतून यायचे. आठ महिने. याबद्दल ते कोणाला सांगत नव्हते, आणि स्वतःशीही त्यावर फार चर्चा करत नव्हते.

पोस्टमास्तरांनी बाजारातून पावडर आणली आणि आपल्या बाजूने कुंपणाच्या कडेला पांढरी रेघ ओढली. सलूनवाल्यांनी सकाळी चष्म्यातून ती रेघ बघितली.

"विष घातलं," ते खुर्चीला म्हणाले. "बघितलंस? मिशीचा सूड कुंपणावर. मी इथून जावं म्हणून."

पलीकडे पोस्टमास्तर बायकोला सांगत होते, "अगं, हा माणूस मुद्दाम मारतोय कुंपण. साबण काय, तेल काय. घर विकून लेकीकडे जायचा बेत दिसतो."

"मग विचारा की त्यांना."

"मी? मी बोलत नाही त्यांच्याशी."

इथून पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणा दोन शेजाऱ्यांच्या हातून झालं नसतं. सलूनवाल्यांनी ठरवलं, निदान वाळलेली टोकं तरी काढावीत म्हणजे खाली जोर धरेल. पोस्टमास्तर दुपारी झोपायचे. तेवढ्या वेळात त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली आणि आपल्या बाजूची टोकं अलगद कापली. वर एक सरळ रेघ आली. छान दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनवाले दूध आणायला गेले असताना पोस्टमास्तर अंगणात आले. त्यांना दिसलं की कुंपण पलीकडून खाली गेलंय आणि आपल्या बाजूला उंच राहिलंय. तेही शेवटी वाळलेलंच, काढलेलं बरं. त्यांनी वहिनींची कापड कापायची कात्री आणली आणि आपली बाजू सारखी केली. जरा जास्त झालं, पण दिसायला ठीक होतं.

दुपारी सलूनवाल्यांनी बघितलं. काल तर सरळ केलं होतं. आज आपली बाजू वर कशी? डोळ्यांचा दोष म्हणायचा. त्यांनी आपली बाजू उतरवली. सकाळी पोस्टमास्तरांना आपली बाजू वर दिसली. त्यांनी उतरवली. कापलेल्या फांद्या दोघंही नीट गोळा करून आपापल्या कोपऱ्यात लपवत होते, कारण समोरच्याला कळता कामा नये. कुंपण डोक्याएवढं होतं ते पोटाएवढं झालं, पोटाएवढं होतं ते मांडीपर्यंत आलं. दोघंही ते वाकून कापत होते, त्यामुळे आपण किती वाकतोय हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग एका दुपारी पोस्टमास्तरांच्या अंथरुणात मुंग्या शिरल्या. झोप उडाली. ते कात्री घेऊन बाहेर आले आणि ओणवे होऊन कामाला लागले. इकडे सलूनवालेही ओणवे होऊन कामाला लागले होते. दोन्हीकडून कच कच आवाज येत होता आणि दोघांनाही वाटत होतं की आपलीच कात्री आहे. मग दोन्ही पाती एकमेकांवर आपटून खण्ण वाजलं.

दोघंही सरळ उभे राहिले. सरळ उभं राहिलं की समोर कुंपण असायचं. आता समोर माणूस होता. कुंपण गुडघ्याशी होतं, नुसते खुंट.

दोघांचीही बोलायची सवय मोडलेली.

"तुम्ही?" सलूनवाले म्हणाले.

"तुम्ही?" पोस्टमास्तर म्हणाले.

"मी आपलं सारखं करत होतो. डावीकडे जरा जास्त होतं."

"कोणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"म्हणजे माझ्या उजवीकडे. तिथे मला कमी वाटत होतं. म्हणून मी डावीकडचं काढलं."

"म्हणजे माझ्या उजवीकडचं."

दोघांनी खाली बघितलं. हिशोब बरोबर होता. काही शिल्लक नव्हतं.

"आणि ते विष?" सलूनवाल्यांनी विचारलं.

"कसलं विष? मुंग्यांची पावडर आहे ती. तुमच्या तेलाने आमच्या घरात मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय. तुम्हाला घर विकायचंय तर सरळ विका की. झाडांना साबण कशाला पाजता?"

"घर विकायचंय? मला?" सलूनवाल्यांचा आवाज चढला. "अहो, जायला लागू नये म्हणून तर सगळं चाललंय. हे हिरवं झालं नाही तर लेक मला घेऊन जाणार आहे. सहाव्या मजल्यावर. लिफ्ट चालवायला."

पोस्टमास्तरांनी खुंटांकडे बघितलं, सलूनवाल्यांकडे बघितलं, मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग हात सवयीने मिशीवर गेला.

"परत येतं," ते म्हणाले. "मला अनुभव आहे. पहिले पंधरा दिवस आरशात बघवत नाही, एवढंच."

हे सगळं वहिनींनी आतून बघितलं. ऐकू काही आलं नाही, फक्त दिसलं. इतकी वर्षं अबोला धरलेली दोन माणसं, समोरासमोर, दोघांच्याही हातात उघड्या कात्र्या. त्यांनी तातडीने सलूनवाल्यांच्या लेकीला फोन लावला. "अगं, लवकर ये. सगळं कापून टाकलंय. हो, दोघांनी मिळून. नाही, अजून कोणाला लागलेलं नाही."

लेकीने वडिलांना फोन केला. "बाबा, काय कापलंत?"

"काही नाही गं. कुंपण थोडं बारीक केलंय."

"थोडं म्हणजे किती?"

सलूनवाल्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण धंद्यातला शब्द तोंडातून निघून गेला. "गोटा."

"रविवारी येते," लेक म्हणाली. "रिकामी खोकी घेऊन."

रविवारपर्यंतचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. कुंपण नव्हतं, त्यामुळे दोन घरांच्या खिडक्या एकदम समोरासमोर आल्या. सलूनवाले स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भांड्यातूनच जेवत होते, तर पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, ताट घ्या." त्यांनी घाबरून ताट घेतलं. पोस्टमास्तर बनियनवर व्यायाम म्हणून जे काही करत होते तेही सलूनवाल्यांना दिसलं. त्यांनी नजर वळवली, पण जरा उशिरा वळवली.

बुधवारी सकाळी ते कप घेऊन बाहेर आले. कप तिरका केला आणि समोरून आवाज आला, "थांबा. हे काय ओतताय?"

पोस्टमास्तर दात घासत उभे होते.

"चहा," सलूनवाले म्हणाले.

"झाडाला?"

"दोन कप होतात. हाताला तीच सवय आहे."

पोस्टमास्तरांनी खाली बघितलं. मुंग्यांची दोरी नेमकी त्या मुळापासून निघाली होती. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. घरभर मुंग्या, अंथरुणात मुंग्या, डब्यांत मुंग्या. त्याऐवजी ते चूळ भरून आले आणि खुंटांवरून हात पुढे केला.

"आणा इकडे."

एक घोट घेतला आणि डोळे बारीक केले. "हा चहा आहे की पाक?"

"अडीच चमचे. तिला तेवढी लागायची."

पोस्टमास्तर उभ्या उभ्या सगळा कप प्यायले. तळाची साखरसुद्धा हलवून प्यायले. कप परत दिला आणि म्हणाले, "उद्या मी साडेसहाला उठतो." आणि आत गेले.

शुक्रवारी सलूनवाल्यांना झोप लागली. कितीतरी महिन्यांनी अशी लागली होती. साडेसहा वाजून गेले तरी स्वयंपाकघरात दिवा दिसेना, म्हणून वहिनींनी पोस्टमास्तरांना हलवलं, पोस्टमास्तर खुंट ओलांडून आले आणि मागचं दार असं बडवलं की सलूनवाले गाढ झोपेतून उठून, "नंबर लागलाय, बसा," असं ओरडत बाहेर आले.

"जिवंत आहेत," पोस्टमास्तरांनी मागे वळून सांगितलं. "चहाला उशीर आहे फक्त."

रविवारी लेक आली. गाडीतून खोकी उतरवली, आतून थेट मागच्या अंगणात गेली आणि थांबली. तिने खुंट बघितले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितले. सलूनवाल्यांना वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"आईचं कुंपण होतं, बाबा."

केस काय आणि पान काय, हे बोलणं सलूनवाल्यांना आता आठवायचंही नव्हतं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

लेक स्वयंपाकघरात गेली आणि भांडी कागदात गुंडाळायला लागली. पहिलं खोकं भरलं. दुसरं अर्धं झालं. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "ते चहाचं भांडं नको बांधूस. सकाळी लागतं त्यांना."

लेक दचकली. इतकी वर्षं त्या खिडकीतून फक्त पानं दिसायची. "काकू, तुम्हाला इथलं दिसतं?"

"सगळं दिसतं. सव्वासहाला दिवा लागतो. साडेसहाला आमचे हे चहाला येतात आणि साखरेवरून कुरकुरत पितात. परवा दिवा लागला नाही तर मी यांना पळवलं. झोपले होते नुसते, घोरत होते. दुपारी ताटात वाढून घेतात आता, बघते ना मी. कुंपण उंच होतं तेव्हा यातलं काही कळत नसे गं. न्हाणीघरात पडले तेव्हा मी इथेच, या इथे, भांडी घासत होते. दहा पावलांवर. आणि मला पत्ता नाही."

लेकीच्या हातात ते भांडं तसंच राहिलं.

बाहेर पोस्टमास्तर ओरडले, "या. सगळे इकडे या. पाय बघून टाका."

ते पोटावर पालथे पडले होते. हातात पोस्टातलं जुनं भिंग, पुसट शिक्के वाचायचं. शेजारी सलूनवालेही पालथे. खुर्चीजवळच्या खुंटाला, जिथे रोज चहा पडायचा तिथेच, सालीतून काहीतरी डोकावलं होतं.

"हिरवं आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"कुठे?" लेक म्हणाली.

"इथे. भिंगातून बघ. जोरात श्वास सोडू नकोस."

लेक गुडघ्यांवर बसली, मग तीही पालथी झाली. कापलेल्या नखाएवढा कोंब होता. त्याच्या खाली अजून एक. पुढच्या खुंटाला तीन. लेकीने एकेक खुंट बघत सरकायला सुरुवात केली आणि तिच्यामागे दोन म्हातारे कोपरांवर सरकत निघाले.

"अट हिरव्याची होती," सलूनवाल्यांनी जमिनीवरूनच आठवण करून दिली. "किती हिरवं, ते काही ठरलं नव्हतं. मी विचारलं होतं. तू नुसतं बाबा म्हणालीस."

लेक उठून बसली. कपड्यांवरची माती झटकली. हसू दाबायचा तिने प्रयत्न केला, जमला नाही.

"आता नवी अट," ती म्हणाली. "हे परत वाढेल. वाढू दे. पण कमरेच्या वर गेलेलं मला चालणार नाही. काकूंना आमची खिडकी दिसली पाहिजे. कमरेच्या वर एक पान गेलं की मी खोकी घेऊन हजर."

"नाही जाणार," सलूनवाले म्हणाले.

"मी बघतो कसं जातं ते," पोस्टमास्तर म्हणाले.

कुंपण आलं. असं आलं की रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. दाट, टवटवीत, अंगभर पानं, बोट घालायला जागा नाही. मुंग्या कधीच निघून गेल्या होत्या, कारण त्यांचा चहा आता पोस्टमास्तर पीत होते. साखर अडीचवरून दोनवर आली होती. त्याच्या खाली आणायला सलूनवाले तयार नव्हते आणि पोस्टमास्तरांनीही फार ताणून धरलं नाही. येणाजाणाऱ्याने विचारलं की सलूनवाले कुंपणावर हात ठेवून सांगायचे, "काही नाही, आधी धुवायचं, मग तेल, मग गोटा. पद्धत आहे." आणि पोस्टमास्तर पलीकडून मिशीला पीळ देत म्हणायचे, "अगदी बरोबर."

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा दोघंही कपडे बदलून कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होते, निरोप समारंभाला उभे राहावं तसे. वहिनी मोबाइल घेऊन फोटो काढायला सज्ज. या वेळी फोटोच्या मधोमध पोस्टमास्तर येणार, हे त्यांनी आधीच ठरवून घेतलं होतं. लेकीने कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. पानांवरून हात फिरवला. आईच्या खुर्चीत बसली आणि तिथूनही बघितलं.

"सुंदर झालंय, बाबा," ती म्हणाली. मग तिने मान जरा कलती केली. "फक्त डावीकडे जरा उंच वाटतंय का?"

सलूनवाल्यांचा हात खिळ्यावरच्या कात्रीकडे गेला. तो पोचायच्या आत पोस्टमास्तर कुंपण ओलांडून आले होते. त्यांनी आधी कात्री ताब्यात घेतली, आणि मग दुसरा हात घट्ट मिशीवर ठेवला. फोटोत तसेच आलेत.